हाल्ग्रीमची नवी नळी

हाल्ग्रीमच्या बंदुकीची नळी मी बदलली, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. का बदलली, तेही मी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. हाल्ग्रीमने तर माझे आभार मानले.

आता पहिल्यापासून सांगते, आणि सांगताना स्वतःला गोंजारत बसणार नाही.

आमच्या शिकारीच्या टोळीत आम्ही सात जण. ऑक्टोबर आला की डोंगरात सात ठरलेल्या जागांवर उभं राहायचं, कुत्री एल्गांना, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणांना, हाकून आणतात, आणि ज्याच्या समोर जनावर येईल त्याने गोळी घालायची. एक एल्ग पाडला तर दोन घरांना हिवाळाभर मांस पुरतं. जागा बापाकडून मुलाकडे जातात. चौथी जागा ओढ्याच्या उतारापाशी आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यामुळे जनावराला तिथूनच ओढा ओलांडावा लागतो. ती हाल्ग्रीमची, त्याच्या आधी त्याच्या वडलांची. सातवी जागा दलदलीच्या कडेला. ती माझी. एकोणतीस वर्षांत तिथे मला दोन एल्ग दिसले, आणि त्यातला एक बहुधा रस्ता चुकलेला होता.

आणि गंमत अशी की सातही जणांची काडतुसं मीच भरते. तळघरात माझं टेबल आहे. एकदा उडवलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, पुन्हा मापात आणायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. प्रत्येक बंदुकीसाठी माझ्या वहीत वेगळं पान आहे, कारण प्रत्येकीचे नखरे वेगळे. बंदुका सगळ्या जुन्या लष्करी. लढाई हरून जर्मन गेले तेव्हा त्यांच्या माउझर रायफली इथे ढिगाने पडल्या होत्या. आमच्या सैन्याने त्यांच्या नळ्या बदलून त्या वापरल्या आणि पुढे गावोगावी विकून टाकल्या. त्या नळ्या बदलणाऱ्यांत माझे वडील होते. मी दिवा धरून त्यांच्या शेजारी उभी राहत असे. पुढे तीस वर्षं शाळेत मी धातुकाम शिकवलं. माझ्या काडतुसांवर या लोकांचे फ्रीझर भरायचे, आणि मी गुडघाभर चिखलात उभी राहून कावळे मोजायची. राग येणार नाही तर काय?

हाल्ग्रीम त्यातल्या त्यात बरा होता. बरा कसला, चांगला माणूस होता. दर वर्षी स्वतः मारलेल्या एल्गचं काळीज कागदात गुंडाळून तो मला आणून द्यायचा. शाळेची बस चालवायचा. एकदा माझं तोंड वाकडं झालेलं बघून म्हणाला, "योरुन, मी थकलो की चौथी जागा तुझी. मला मूल ना बाळ, देणार कुणाला?"

"कधी थकणार आहेस?" मी विचारलं.

"हात थरथरायला लागला की," तो म्हणाला आणि हसला.

पण त्या हसण्यात दम नव्हता. त्याच्या वडलांचा हात एकसष्टाव्या वर्षी थरथरायला लागला होता. त्या वर्षीच्या नेमबाजीच्या परीक्षेत ते नापास झाले, टोळीने त्यांच्या हातून जागा काढून हाल्ग्रीमला दिली. त्यानंतर म्हातारा अकरा वर्षं जगला, शेवटची चार दुसऱ्याच्या हाताने जेवून. हाल्ग्रीमनेच भरवलं त्यांना. मी हे सांगते ते त्या वसंतात हाल्ग्रीम एकसष्ट वर्षांचा झाला म्हणून.

एप्रिलमध्ये तो बंदूक घेऊन आला. नळी झिजली होती. नवी त्याने माझ्यामार्फतच मागवली होती, आणि ती तेलकट कागदात गुंडाळलेली माझ्या कपाटात पडली होती.

"कितवी नळी ही?" तो म्हणाला. "जर्मनांची एक, तुझ्या वडलांनी बसवलेली दुसरी. आता तुझी तिसरी. माझ्यापेक्षा तुमच्या घराण्याचाच हक्क आहे हिच्यावर."

तो गेल्यावर मी बंदूक शिकंज्यात धरली, लांब पान्याला लटकले, आणि जुनी नळी कट्‌ आवाज करून सुटली. नळी बसते त्या खोबणीवर जर्मन गरुड अजून आहे, त्याच्या पायाखालची नाझी खूण हाल्ग्रीमच्या वडलांनी छिन्नीने उडवलेली. नवी नळी काढायला मी कपाट उघडलं. त्याच कपाटात मागे आणखी एक नळी उभी होती, चांदमारीच्या मैदानावर हजारो गोळ्या झाडून संपलेली. वडलांनी ती कशासाठी ठेवली होती देव जाणे. नळीच्या आत पीळ असतात म्हणून गोळी सरळ जाते. हिच्यातले पीळ धुऊन गेले होते.

मला चौथी जागा हवी होती. एवढंच. हाल्ग्रीमचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, पण त्याचं काय होईल याचा विचारही मनात नव्हता. एक शरद, फक्त एक. परीक्षा नापास झाला की कायद्यानेच त्याला शिकारीला उभं राहता येणार नाही. पुढच्या वसंतात काहीतरी सबब काढून बंदूक मागून घ्यायची आणि खरी नळी गुपचूप बसवून टाकायची.

मी त्या जुन्या नळीवर चार दिवस खपले. बाहेरून घासली, तोंड नव्याने कापलं, काळाशार रंग चढवला. दिसायला नवी नवरी. एक गोष्ट मात्र खरी, काडतुसं मी इमानदारीने भरली. त्यात लबाडी करायला हात वळेना. माणसाची अब्रू कुठे कुठे अडकलेली असते पाहा.

तो न्यायला आला तेव्हा मीच म्हणाले, "आत डोळा लावून बघ की."

"तुझं काम तपासू?" हाल्ग्रीम म्हणाला. "डोकं फिरलंय का माझं?"

तो असंच म्हणणार हे मला ठाऊक होतं.

इथे 'वाकडी'बद्दल सांगायला हवं. आमच्या नेमबाजांच्या घरात कॉफीच्या किटलीवर एक नळी साखळीने टांगलेली आहे, ट्रॅक्टरखाली येऊन वाकलेली. तिचं नाव वाकडी. नेम चुकल्यावर जो बंदुकीला दोष देतो, त्याची बंदूक टोळीतला सगळ्यात चांगला नेमबाज उडवून बघतो. त्याचा नेम लागला, तर तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात वाकडी पडते, आणि ती घालून त्याने सगळ्यांना वाफल वाढायचे. असा माणूस पुढे दहा वर्षं लोकांच्या तोंडी राहतो. म्हणून आमच्याकडे कुणी बंदुकीला दोष देत नाही. चुकलं की आपण चुकलो. माझा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा होता.

जूनमध्ये परीक्षा झाली. शंभर मीटरवर लाकडी हरीण, त्याच्या छातीवर मोठ्या ताटाएवढं वर्तुळ, पाचच्या पाच गोळ्या त्यात हव्यात. हाल्ग्रीमच्या दोन आत गेल्या. एक पोटाखाली, एक ढुंगणावर, पाचवी कुठे गेली कुणालाच कळलं नाही.

ओस्मुंद आमचा म्होरक्या आणि सगळ्यात चांगला नेमबाज. जिभेचा मात्र धारदार. "काय रे हाल्ग्रीम," तो ओरडला, "हरणाच्या मागच्या बाजूवर कसला राग आहे तुझा? बायकोशी भांडून आलास काय?"

सगळे हसले. मीही हसले. हाल्ग्रीमने पुन्हा पाच उडवल्या. एकच आत. मग कुणी हसलं नाही.

"दे इकडे," ओस्मुंद जरा हळू आवाजात म्हणाला. "मी मारून बघतो. नव्या नळीत असतो कधी कधी दोष."

हाल्ग्रीमने बंदूक छातीशी धरली.

"नळी योरुनने बसवलीय," तो म्हणाला. "तिच्या कामावर संशय घ्यायचा आणि वर तिच्याच समोर? नाही. मीच चुकलो."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरला असता. हाल्ग्रीम आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. हात अगदी स्थिर होता. मी ते नीट पाहिलं, आणि कॉफी घ्यायला गेले.

परीक्षा कितीही वेळा देता येते. जुलैभर तो येत राहिला. जितकी मेहनत करी तितकं बिघडे, कारण त्या नळीतून एखादी गोळी चुकून नीट लागायची आणि तो आशेने पुढची झाडायचा. मग शहरातल्या डॉक्टरकडे गेला. डोळे उत्तम निघाले. हाताच्या नसा तपासल्या, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाला, अजून तरी काही दिसत नाही. तो 'अजून' शब्द हाल्ग्रीम घरी घेऊन आला. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी त्याने बसच्या किल्ल्या परत केल्या. पोस्टाजवळ मला भेटला तेव्हा म्हणाला, "छत्तीस पोरं बसतात गं मागे. घाटात हात सुटला तर?"

मी म्हणाले, "काळजी घे." दुसरं काय म्हणणार होते? चौथी जागा त्याने त्याच आठवड्यात माझ्या नावावर करून दिली होती.

सप्टेंबरच्या मध्याला बोर्गिल आली. ही त्याची बायको, बोलायला कमी, नजर पक्की. तळघराचा जिना उतरून तिने बंदूक माझ्या टेबलावर ठेवली.

"ही ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "घरात नको."

"का? तपासायची आहे?"

"तपासायची नाही. लपवायची आहे." ती उभीच राहिली. "रोज सकाळी टेबलावर हात ठेवून बसतो आणि बघत राहतो. काठोकाठ पाणी भरून पेला धरतो, सांडतंय का बघायला. परवा सांडलं. काल दोनदा. काल रात्री म्हणाला, बाबांनी अकरा वर्षं काढली, मी काढणार नाही. म्हणून आणली, योरुन."

ती गेल्यावर मी टेबलाशी बसले आणि रडले. मला स्वतःची किळस आली. रडून झाल्यावर मात्र मी जे केलं ते नेहमीसारखं आधी स्वतःला वाचवणारं होतं. त्याच दुपारी बंदूक शिकंज्यात घेतली, खराब नळी काढली, कपाटातली खरी नळी बसवली. मैदानावर जाऊन पाच गोळ्या मारल्या. पाचही कॉफीच्या पेल्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. मग खराब नळीचे करवतीने तीन तुकडे केले, होडी वल्हवत ते तळ्याच्या मध्यावर नेले आणि बुडवले. माझी योजना सोपी होती. त्याला ओढत न्यायचं, पाच गोळ्या नीट लागतील, त्याचा जीव भांड्यात पडेल, आणि मला काही सांगावंही लागणार नाही.

शिकारीच्या आधीच्या रविवारी शेवटची परीक्षा असते. टोळी सगळी हजर होती. हाल्ग्रीम येईना, मी हाताला धरून आणला. बोर्गिल मागे येऊन कुंपणाशी उभी राहिली.

"एकदाच," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

तो पालथा पडला, दस्ता खांद्याला लावला. आणि मला दिसलं की नळीचं टोक फिरतंय. गवताचं पातं वाऱ्यात हलतं तसं, थांबतच नव्हतं. पहिली गोळी मातीत गेली. दुसरी हरणाच्या डोक्यावरून. तिसऱ्या वेळी त्याला खटका ओढताच येईना, बोटं उडत होती. आता बंदूक ठणठणीत होती आणि माणूस मोडला होता.

"थांबा!" मी ओरडले. "त्याचा दोष नाही! जूनमध्ये बंदूकच खराब होती. मी जुनी संपलेली नळी बसवली होती, मुद्दाम. मला चौथी जागा पाहिजे होती, म्हणून केलं!"

कुणीतरी किटली खाली ठेवली. ओस्मुंद पुढे आला, त्याने हाल्ग्रीमच्या हातातून बंदूक घेतली, उघडली आणि नळीतून आभाळाकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "ही कोरी करकरीत आहे."

"आता आहे. मी परत बदलली."

"बरं. मग ती जुनी दाखव."

"तुकडे करून तळ्यात टाकली."

"तळ्यात." ओस्मुंदने मान हलवली. "कुठे टाकलीस ते पण आठवत नसेल?"

"मध्यावर कुठेतरी."

दोघंतिघं हसू दाबायला लागले. ओस्मुंद आडवा झाला आणि त्याने पाच गोळ्या मारल्या. फळी आणून दाखवली. पाचही तळहाताएवढ्या जागेत.

"अगं, मनाने चांगली आहेस ते कळतं," तो मला म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा गोड शब्द ऐकला. "पण नियम तो नियम. बंदुकीला नाव ठेवलंस. आणा रे वाकडी!"

वाकडी आली. ती कुणी घालायची असा प्रश्न निघाला तेव्हा हाल्ग्रीम म्हणाला, "मी घालतो." त्याचे डोळे भरले होते. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि साखळी माझ्या डोक्यावरून घालताना त्याच्या हातात ती किणकिणत होती, माझ्या कानाशी.

"चारचौघांत स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस," तो म्हणाला. "माझी लाज राखायला. इतकं कुणी करत नाही गं."

"गाढवा, मी खरं सांगतेय!" मी किंचाळले. "खरं सांगतेय मी!"

"हो, हो," तो मला थोपटत म्हणाला. "शनिवारी चौथ्या जागेवर तूच उभी राहा. मी शब्द दिला होता."

मी वाफल वाढले. गळ्यात वाकडी, प्रत्येकाच्या बशीत वाफल, वर जॅम. बोर्गिलने घेतला नाही.

शनिवारी मी चौथ्या जागेवर उभी राहिले. उभं राहायला नको होतं, हे मला कळत होतं. सकाळी आठच्या सुमाराला नर एल्ग ओढ्यात उतरला, इतका जवळ की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती. मी तो एका गोळीत पाडला. आनंद झाला मला. खोटं कशाला बोलू, झाला.

त्याचं काळीज कागदात गुंडाळून मी हाल्ग्रीमकडे गेले. तो खिडकीशी बसला होता, हात मांडीखाली दाबून. बोर्गिल चुलीकडे वळली तसा तो पुढे झुकला.

"एक विचारू? आता दोघंच आहोत. खरंच नळी खराब होती?"

त्याच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की बघवेना. "हो," मी म्हणाले. "माझ्या वडलांची शपथ. तुझा हात तेव्हा दगडासारखा स्थिर होता, हाल्ग्रीम. मी बघितला होता."

त्याने माझा चेहरा न्याहाळला. मग मागे टेकला. "वडलांची शपथ नको घेऊस माझ्यासाठी. तुला खोटं बोलता येत नाही, योरुन. आधीही येत नव्हतं."

बोर्गिल मला दारापर्यंत सोडायला आली आणि दार तिने मागे ओढून घेतलं.

"बंदूक तुझ्याकडे आणली तेव्हा ती गाडीच्या दाराला घासली होती," ती म्हणाली. "नळीच्या तोंडाशी ओरखडा पडला, नखाएवढा. रविवारी तू वाफल वाढत होतीस तेव्हा मी नळी जवळून बघितली. ओरखडा नव्हता."

मी हातमोजे चढवायला लागले.

"सांगितलं मी त्याला. म्हणाला, तूही तिला सामील झालीस का. चांगली माणसं भेटली म्हणे त्याला." तिने कमरेचा ॲप्रन सोडला आणि त्याची घडी घातली. "आता तू दर रविवारी यायचंस. सूप त्याला माझ्या हातून घेताना लाज वाटते, तुझ्या हातून घेईल. तो आभार मानेल. गप्प ऐकून घ्यायचे. पुन्हा खरं सांगायला गेलीस तर त्याला अजून एकदा आशा लागेल, आणि ती मी लागू देणार नाही."

काल अठ्ठाविसावा रविवार होता. डॉक्टर अजून आजाराला नाव देत नाही. वाटाण्याचं सूप होतं. मी चमचा त्याच्या तोंडाशी नेला, तो प्याला, मी त्याची हनुवटी पुसली.

"देवमाणूस आहेस गं तू," हाल्ग्रीम म्हणाला.

चुलीजवळ बोर्गिल माझ्याकडे बघत उभी होती. मी दुसरा चमचा भरला.